वेचण्याचा मोह, मोजण्याचा कंटाळा

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत असतो आणि त्याच्या शेवटी अपवादांची एक ठरावीक यादी असते. पहिला आंबा जितका गोड लागतो तितका पाचवा लागत नाही, हा सिद्धांत. टपाल तिकिटे किंवा जुनी नाणी जमवणाऱ्या छांदिष्टाला मात्र प्रत्येक नवी वस्तू आधीच्या वस्तूपेक्षा अधिक आनंद देते, हा अपवाद. या अपवादाचे खंडनही बहुधा तेथेच दिलेले असते. सिद्धांत एकजिनसी वस्तूंना लागू आहे आणि संग्राहकाच्या वहीतील तिकिटे एकजिनसी नसतात. तेच तिकीट दुसऱ्यांदा हाती आले तर तो ते मित्राला देऊन टाकतो. विद्यार्थी हे सारे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात.

या विस्मृतीत गेलेल्या वादाची रोजची प्रयोगशाळा आज आपल्याच घरात आहे. ती म्हणजे व्हिडिओ गेम. हे खेळ मारामारीचे वा शर्यतीचे असतात, अशी न खेळणाऱ्यांची समजूत असते. वस्तुतः त्यांतील फार मोठा वेळ वेचण्यात जातो. नाणी, पिसे, झेंडे, रत्ने, चाव्या, बिया अशा वस्तू खेळाच्या जगात विखुरलेल्या असतात. त्या शोधायच्या, उचलायच्या, आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘शंभरांपैकी सदतीस’ असा आकडा पुढे सरकताना पाहायचा. ज्यांना यात रस वाटतो ते पहाट होईपर्यंत जागतात. त्यांतलेच अनेकजण काही दिवसांनी या कामाला वेठबिगार म्हणू लागतात, आणि तरीही ते सोडत नाहीत. हे कोडे ‘आजची पिढी बिघडली’ या एका वाक्याने सुटणारे नाही.

आरंभापासून पाहू. जपानमध्ये १९८० साली नामको या कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ हा खेळ रचला. एका चक्रव्यूहात २४० लहान आणि ४ मोठे ठिपके. ते सगळे खाल्ले की पुढचा टप्पा. लहान ठिपके हुबेहूब सारखे, म्हणजे पूर्णपणे एकजिनसी. सिद्धांतानुसार दहाव्या ठिपक्यालाच कंटाळा यायला हवा. पण तसे घडले नाही, कारण चक्रव्यूहात चार भुते पाठलाग करीत असतात. जवळचा ठिपका स्वस्त पडतो, कोपऱ्यातला जिवावर बेततो. वस्तू एकच, पण प्रत्येक वस्तूची किंमत निराळी. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळात शंभर नाणी जमली की एक जादा जीव मिळतो. तेथेही नाणी सारखीच, पण प्रत्येक नाणे उद्याच्या एका संकटाची तरतूद असते. धोका आणि उपयोग या दोन गोष्टींनी सारखेपणाचा दोष भरून काढलेला दिसतो.

तिसरी गोष्ट विविधतेची. सातोशी ताजिरी यांना लहानपणी टोकिओनजीकच्या परिसरात किडे पकडण्याचा नाद होता. पुढे ती तळी आणि शेते इमारतींखाली गेली. शहरी मुलांना त्या शोधाचा आनंद पुन्हा मिळावा, ही कल्पना त्यांच्या ‘पोकेमॉन’ या खेळाच्या मुळाशी होती. १९९६ साली जपानमध्ये तो दोन आवृत्त्यांत निघाला. एक गुप्त प्राणी धरून १५१ प्रकारचे जीव. प्रत्येकाचे रूप वेगळे, गुण वेगळे, राहण्याचे ठिकाण वेगळे. आणि गंमत अशी की, कोणत्याही एका आवृत्तीत सगळे जीव सापडत नाहीत. संग्रह पुरा करायचा तर दुसरी आवृत्ती असलेला मित्र गाठावा लागतो, दोन यंत्रे तारेने जोडावी लागतात आणि देवघेव करावी लागते. आपल्याकडे ज्यांनी शाळेच्या मधल्या सुटीत काड्यापेट्यांचे छाप बदलून घेतले आहेत, त्यांना यातली लज्जत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे संग्रह हे निमित्त असते; ओळख, घासाघीस आणि मैत्री ही खरी कमाई असते.

मात्र आकर्षणाचे मूळ याहूनही खोल आहे. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्यामागील तत्त्व साधे होते: जो काम मागेल त्याला काम आणि केलेल्या कामाला दाम. वेचण्याचा खेळ ही तरुण मनासाठी जणू एक रोजगार हमी योजनाच आहे. तेथे काम मागितले की मिळते, प्रत्येक हालचालीची नोंद होते, आणि केलेले श्रम कधीही फुकट जात नाहीत. याच्या शेजारी आपल्या विद्यार्थ्याचे वास्तव ठेवून पाहावे. वर्षभर अभ्यास करून त्याला आपण कोठे आहोत हे कळत नाही. परीक्षा लांबते, निकाल लांबतो, भरतीची जाहिरात निघत नाही, निघाली तर मुलाखतीचा पत्ता नसतो. चार वर्षे घासलेल्या उमेदवाराच्या हाती अखेर ‘निवड झाली नाही’ एवढेच तीन शब्द पडतात. आपण शंभरांपैकी किती वाट चाललो हे त्याला कोणी सांगत नाही. असा मुलगा रात्री मोबाईलवर सदतिसाचे अडतीस करीत बसला तर तो आळशी आहे असे समजणे अन्यायाचे होईल. त्याला श्रम नको आहेत असे नाही. मोजले जाणारे श्रम हवे आहेत.

परंतु रोजगार हमीवर झालेली मुख्य टीकाही येथे आठवते. नुसते काम देऊन भागत नाही; त्या कामातून बंधारा, विहीर, रस्ता अशी टिकाऊ मत्ता निर्माण झाली पाहिजे, नाहीतर खडी फोडणे हेच उद्दिष्ट होऊन बसते. खेळांच्या बाबतीत नेमके तेच घडले. वेचण्यात गोडी आहे हे ध्यानी येताच रचनाकारांनी वस्तूंची संख्या वाढवली. १९९९ च्या ‘डाँकी काँग ६४’ या खेळात पाच वानर आणि सात मुख्य प्रदेश. प्रत्येक प्रदेशात प्रत्येक वानरासाठी शंभर रंगीत केळी. म्हणजे ३५०० केळी! त्यातही एका वानराच्या रंगाचे केळे दुसऱ्याला उचलता येत नाही. समोर केळे दिसते आहे, पण ते घेण्यासाठी मागे जाऊन वानर बदलून पुन्हा तेथेच यायचे, असा हेलपाट्यांचा कारभार. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाईल फिरताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पद्धत अपरिचित वाटणार नाही.

२००७ सालच्या ‘असॅसिन्स क्रीड’ या खेळात बाराव्या शतकातील जेरुसलेम, दमास्कस आणि आक्रा ही शहरे मोठ्या मेहनतीने उभी केली आहेत. त्यांच्या छपरांवर, गल्ल्यांत आणि शहरांबाहेरच्या मुलुखात मिळून ४२० झेंडे लपवलेले आहेत. ते गोळा केल्याने नायकाला नवे शस्त्र मिळत नाही की कथेत नवे पान उलगडत नाही. येथे धोका नाही, उपयोग नाही, विविधता नाही. उरते ती केवळ संख्या. आणि केवळ संख्या उरली की पाठ्यपुस्तकातला सिद्धांत आपला अंमल पुन्हा बसवतो. पाचव्या आंब्याची गोडी कमी होते. चारशेव्या झेंड्याची गोष्ट बोलायलाच नको.

मग माणूस थांबत का नाही? मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडले की पुरे झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम मनात अधिक रेंगाळते. ‘४२० पैकी ३९८’ हा आकडा असाच सलत राहतो. त्याच्या जोडीला बुडीत खर्चाचा मोह असतो: इतके केले, आता सोडले तर सगळेच वाया. वस्तुतः गेलेले तास दोन्ही बाजूंनी गेलेलेच आहेत. निर्णय पुढच्या तासांचा करायचा असतो. त्यात २००५ पासून एक्सबॉक्स यंत्रावर आणि २००८ पासून प्लेस्टेशनवर प्रत्येक खेळातील पराक्रमांची जाहीर नोंद ठेवण्याची व्यवस्था आली. आता वेचलेल्या वस्तूंचाच नव्हे, तर वेचल्याच्या दाखल्यांचाही संग्रह होऊ लागला.

येथे कोणी म्हणेल की, सारख्या वस्तू मोजत बसणे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे बेलपत्रांची लाखोली वाहतात, लाख वाती वळतात. पान पानासारखेच, वात वातीसारखीच. हे खरे आहे. पण लाखोलीचा संकल्प वाहणारीने स्वतः केलेला असतो, आणि मोजणीतला तोचतोपणा हा तिच्या व्रताचा भाग म्हणून तिने पत्करलेला असतो. खेळातला आकडा दुसऱ्याने ठरवलेला असतो, आणि बहुतेक वेळा आपण तो पत्करला आहे हे खेळणाऱ्याच्या लक्षातही आलेले नसते. फरक पानांच्या संख्येत नाही. संकल्प कोणाचा, यात आहे.

हा आकडा जेव्हा व्यापारी ठरवतो तेव्हा प्रश्न अधिक गंभीर होतो. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील काल्पनिक देशाचा अभ्यास केला. तेथे खेळाडू वस्तू मिळवीत आणि खेळाबाहेर खऱ्या पैशाने विकत. त्या व्यवहारांवरून त्याने हिशेब मांडला तो ताशी सुमारे ३.४२ डॉलर मिळकतीचा! खेळ आणि मजुरी यांच्यातली भिंत किती पातळ आहे, ते यावरून दिसते. ‘डायब्लो ३’ या खेळाने २०१२ साली ही भिंत स्वतःहूनच पाडली आणि वस्तूंचा लिलाव खऱ्या पैशात सुरू केला. परिणाम असा झाला की, राक्षस मारून शस्त्र मिळवण्यापेक्षा बाजारातून ते विकत घेणे सोयीचे ठरू लागले आणि राक्षस मारण्याचे कारणच उरले नाही. मार्च २०१४ मध्ये कंपनीने तो बाजार बंद केला. श्रमातून आलेले मूल्य पैशाने विकत मिळू लागले की त्याची चव जाते, हा धडा कंपनीला बाजारानेच दिला.

मोबाईलवरच्या अनेक फुकट खेळांनी मात्र वेगळाच धडा घेतला. त्यांनी मस्टर उघडले. रोज हजेरी लावा, वस्तू मिळेल. सलग सात दिवस लावा, मोठी वस्तू मिळेल. एक दिवस चुकला की साखळी तुटेल. ज्या मस्टरवरील सहीला आपण नोकरदार माणसे महिनाभर कंटाळतो, तेच मस्टर आपली मुले झोपण्यापूर्वी आनंदाने भरतात, आणि तेही बिनपगारी. शिवाय जे जमते ते आपले असतेच असेही नाही. ‘द क्रू’ हा २०१४ सालचा मोटारशर्यतीचा खेळ. मार्च २०२४ अखेर कंपनीने त्याची केंद्रीय यंत्रणा बंद केली आणि पैसे मोजून घेतलेला तो खेळ चालेनासा झाला. लोकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या मोटारी एका तारखेला नाहीशा झाल्या. काड्यापेट्यांच्या छापांचा डबा निदान माळ्यावर तरी सापडतो.

यावर उपाय म्हणून मोबाईल हिसकावून घेण्याचा मार्ग सोपा आहे आणि बव्हंशी निरुपयोगी आहे. तसेच या बाबतीत उपदेश करण्याचा आपला अधिकारही थोडा तपासून पाहावा लागेल. बढतीच्या गुणांसाठी परिसंवादांची प्रमाणपत्रे गोळा करणारे आपण अध्यापक, आणि सूचीत नाव यावे म्हणून न वाचले जाणारे निबंध छापणारे आपलेच सहकारी, हे ४२० झेंड्यांच्या मागे धावणाऱ्या मुलापेक्षा फार वेगळे काही करीत नाहीत. विद्यार्थ्याला ज्ञानापेक्षा गुण आणि गुणांपेक्षा टक्के मोजायला आपणच शिकवले. खेळाच्या रचनाकाराने ती सवय केवळ ओळखली.

तेव्हा मुलांना रागावण्याऐवजी तीन प्रश्न विचारायला शिकवावे. जी वस्तू मी वेचतो आहे ती आधीच्या वस्तूहून वेगळी आहे का? तिचा पुढे काही उपयोग आहे का? आणि ती मिळवताना माझ्या कौशल्याचा कस लागतो का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर आपण खेळत नसून खडी फोडत आहोत, असे समजावे. चौथा प्रश्न अर्थशास्त्राचा, वैकल्पिक खर्चाचा आहे: या तासात मी दुसरे काय केले असते? त्याचे उत्तर दरवेळी ‘अभ्यास’ असेच असले पाहिजे असे नाही. झोप, मित्र, फिरणे यांनाही मोल आहे. आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्यांच्या खऱ्या श्रमांची अधूनमधून मोजदाद करावी. आठ दिवसांत तपासून परत दिलेली वही, त्यावर लिहिलेली दोन वाक्ये, वेळेवर लागलेला निकाल, एवढ्यानेही कोपऱ्यातल्या त्या आकड्याची ओढ पुष्कळ कमी होईल.

‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या २०१७ सालच्या खेळात विस्तीर्ण रानात ९०० बिया लपवल्या आहेत. एखाद्या टेकडीच्या माथ्यावरचा दगड उचलावा तो खालून एक इवलासा वनचर प्रकटतो आणि बी हातावर ठेवतो. वाट चुकलेल्या प्रवाशाला यात खरा आनंद आहे. या बियांच्या मोबदल्यात शस्त्रे ठेवण्याची जागा वाढवून मिळते, आणि ती पूर्ण वाढवायला ४४१ बिया पुरतात. उरलेल्या ४५९ देखील हट्टाने शोधून जो ९०० चा आकडा गाठतो, त्याला बक्षीस म्हणून मिळतो तो विष्ठेच्या आकाराचा एक सोनेरी गोळा. रचनाकारांनी विनोदाने का होईना, खरे ते सांगून टाकले आहे. ४४१ नंतर सीमान्त उपयोगिता शून्य होते. समंजस खेळाडूने तेथे यंत्र बंद करावे आणि उरलेल्या बिया रानातच राहू द्याव्यात.