आंडाळचे स्वप्नलग्न

भक्ताला देव स्वप्नात भेटल्याच्या कथा मराठी वाचकाला नव्या नाहीत. तुकोबांना बाबाजी चैतन्यांकडून गुरुमंत्र मिळाला तो स्वप्नात, आणि बहिणाबाईंना कोल्हापुरात तुकोबांचा अनुग्रह झाला तोही स्वप्नातच. या स्वप्नांतून भक्ताच्या पदरी उपदेश पडतो. तमिळ कवयित्री आंडाळ हिच्या स्वप्नात मात्र साक्षात नारायण नवरदेव होऊन येतो आणि मांडवापासून वरातीपर्यंतचे सारे लग्न यथाविधी पार पडते.

तमिळ प्रदेशात विष्णुभक्तीची गीते रचणारे जे बारा संतकवी ‘आळवार’ म्हणून ओळखले जातात, त्यांत आंडाळ ही एकमेव स्त्री असून बहुतेक अभ्यासक तिचा काळ आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास मानतात. श्रीविल्लिपुत्तूर येथील पेरियाळवार हे देवासाठी फुलांच्या माळा गुंफीत असत. त्यांना ती तुळशीच्या बागेत सापडली आणि देवासाठी केलेली माळ ती आधी स्वतःच्या गळ्यात घालून पाही, अशी परंपरेतील कथा आहे. तिच्या नावावर दोन रचना आहेत. तीस पद्यांची ‘तिरुप्पावै’ मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, आजही पहाटे घराघरांत म्हटली जाते, तर १४३ पद्यांच्या ‘नाच्चियार तिरुमोळी’त तिच्या विरहाची गीते असून त्यांतील सहावे गीत या स्वप्नाचे आहे.

या गीतातील पहिली दहा पद्ये ती आपल्या सखीला उद्देशून म्हणते आणि प्रत्येक पद्याच्या शेवटी हे सारे आपण स्वप्नात पाहिले असे पुन्हा सांगते, त्यामुळे ऐकणाऱ्याला आनंद आणि त्या आनंदाची मर्यादा या दोहोंची जाणीव एकाच वेळी होत राहते. हजार हत्तींच्या लवाजम्यासह नवरदेव येतो, गाव तोरणांनी आणि पूर्णकुंभांनी सजते, सुपारीच्या झाडांचा मांडव पडतो. इंद्रादी देव मागणी घालायला येतात, दुर्गा वधूला लग्नाचे वस्त्र नेसवते, कंकण बांधले जाते. मग मोत्यांच्या सरांनी सजलेल्या मांडवाखाली, मृदंग आणि शंखांच्या गजरात पाणिग्रहण होते, त्यामागून अग्नीची प्रदक्षिणा घडते, आणि भाऊ वधूचा हात अच्युताच्या हातावर ठेवून लाह्यांचा होम करवतात. कानपिळीचा मान घेणाऱ्या भावाला ओळखणाऱ्या मराठी वाचकाला यातील कोणताही विधी परका वाटू नये.

या दहा पद्यांतील सर्वांत अर्थगर्भ क्षण अश्मारोहणाचा आहे. या विधीत वर वधूचे पाऊल हाताने उचलून दगडावर, तमिळ घरांत पाट्यावर, ठेवतो आणि त्या दगडासारखी स्थिर राहा अशी तिच्याविषयी इच्छा व्यक्त करतो. वैष्णव भक्तीत शरणागती म्हणजे देवाचे चरण धरणे. येथे मात्र या जन्मीचा आणि पुढील सात जन्मांचा आधार म्हणून जो गौरवला जातो, तोच आपल्या कमळासारख्या हाताने भक्ताचे पाऊल धरतो. यासाठी आंडाळला कोणतेही नवे तत्त्वज्ञान मांडावे लागत नाही, कारण विवाहविधीतच ही कृती सांगितलेली आहे. मात्र त्या घरगुती विधीत एवढा अर्थ दडलेला आहे हे ओळखण्यातच तिची खरी प्रतिभा आहे.

विधींचा हा बारकावा केवळ सजावटीसाठी आलेला आहे असे मानणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. याच रचनेच्या पहिल्या गीतात, आपल्याला एखाद्या मर्त्य माणसाला देण्याची भाषा झाली तर आपण जगणार नाही, असे ती कामदेवाला निक्षून बजावते. अशा मुलीचा मनाजोगता विवाह तत्कालीन समाजात होणे शक्य नव्हते, म्हणून ती समाजाचेच विधी, एकामागून एक, स्वप्नात पार पाडून घेते आणि आपल्या निवडीला लग्नाची प्रतिष्ठा देते. तरीही हे मीलन जागेपणी टिकत नाही. लगेच पुढच्या गीतात ती पांचजन्य शंखाला कृष्णाच्या ओठांची चव आणि गंध विचारते, कारण तो भाग्यवान शंख त्या ओठांना रोज लागतो. त्यानंतर तर ती मेघांकरवी निरोप धाडू लागते. तिचे काव्य मीलनाच्या समाधानापेक्षा या ओढीमुळेच अधिक खरे वाटते.

श्रीरंगम येथे रंगनाथाच्या मूर्तीत ती विलीन झाली, असे परंपरा मानते. विजयनगरचा सम्राट कृष्णदेवराय याने सोळाव्या शतकात ‘आमुक्तमाल्यदा’ या तेलुगू महाकाव्यात तिची कथा सांगितली. ज्या मुलीने मर्त्य नवऱ्याचा विचारही नाकारला, तिचे हे स्वप्नगीत श्रीवैष्णव घरांतील लग्नांत वधूवरांसमोर आजही गायले जाते.