‘जिन’ या मद्याचे पाठभेद

कंपनीच्या काळांतील इंग्रजी पत्रें व मालाच्या याद्या ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांस ‘जिन’, ‘जिनीव्हा’ आणि ‘हॉलंड्स’ हे शब्द अपरिचित नसावेत. हे शब्द वाचतांना आजच्या दुकानांतील पाण्यासारखें स्वच्छ व कोरडें मद्य डोळ्यांपुढें आणलें, तर बहुधा अर्थाची चूक होते. पहिला चकवा नांवांतच आहे. ‘जिनीव्हा’चा स्वित्झर्लंडांतील त्या नांवाच्या शहराशीं कांहीं एक संबंध नाहीं. लॅटिन ‘जुनिपेरुस’, त्यापासून जुन्या फ्रेंचांतून आलेला डच ‘येनेव्हर’, त्याचें इंग्रजांच्या तोंडीं झालेलें रूप ‘जिनीव्हा’, आणि तेंच तोडून ‘जिन’, अशी ही परंपरा आहे. ज्यूनिपर हें थंड प्रदेशांतील काटेरी झुडूप. त्याच्या काळसर निळ्या फळांस राळेसारखा वास असतो.

गेल्या हिवाळ्यांत पणजी येथें एका स्नेह्यांच्या घरीं या मद्याचे पांच प्रकार कालक्रमानें मांडून ताडून पाहण्याचा योग आला. प्रस्तुत लेखकास मद्याची गोडी बेताचीच. परंतु एकाच ग्रंथाच्या पांच प्रती शेजारीं शेजारीं उघडल्या असतां जसे पाठभेद दिसतात, तसें येथें कांहीं दिसेल काय, एवढें कुतूहल होतें. पद्धति साधी ठेविली. पेले एकसारखे, बर्फ नाहीं, टॉनिक नाहीं, प्रथम नुसता वास, मग तितकेंच पाणी घालून एक घोट. बर्फानें वास मरतो, आणि टॉनिकांतील कोयनेलाचा कडवटपणा मद्याचे गुण आणि दोष दोन्ही झांकून टाकतो.

पहिला पेला डच ‘औदे येनेव्हर’चा. हिचा पाया ‘माल्ट-वाइन’ हा असतो. नांवांत वाइन असली तरी द्राक्षांचा येथें संबंध नाहीं. मोड आणलेले जव, राय, मका असल्या धान्यांचें आंबवण भट्टींत पुनःपुन्हां गाळून ती काढतात. वास ताज्या पावाचा, भाजलेल्या धान्याचा. ज्यूनिपर आहे, पण मागें, शोधावा लागतो. डोळे मिटून दिल्यास हिला कोणी जिन म्हणणार नाहीं, व्हिस्कीची धाकटी बहीण म्हणेल. अठराव्या शतकाच्या कागदांतील ‘हॉलंड्स’ ती ही. ‘औदे’ म्हणजे जुनी, यावरून पुष्कळांची समजूत होते कीं ती फार वर्षें मुरविलेली असते. तसें नव्हे. तो शब्द जुन्या रीतीचा वाचक आहे. आजच्या नियमाप्रमाणें ‘औदे’मध्यें माल्ट-वाइन निदान शेंकडा १५ असावी लागते, व ‘योंगे’ म्हणजे नव्या रीतीच्या येनेव्हरमध्यें १५ हून अधिक चालत नाहीं.

या मद्याचा जनक म्हणून लायडन येथील प्राध्यापक सिल्व्हियस याचें नांव अनेक पुस्तकांत दिलेलें आढळतें. ही कथा टिकत नाहीं. सिल्व्हियसचा जन्म १६१४ चा. आणि ज्यूनिपरच्या फळांचा अर्क काढण्याची माहिती फिलिपुस हेर्मानी याच्या १५५२ सालीं अँटवर्प येथें छापलेल्या ग्रंथांत आहे. मॅसिंजरच्या १६२३ सालीं छापलेल्या नाटकांतील ‘जिनीव्हा’ शब्दाचाही पुरावा पुढें करण्यांत येतो. परंतु तेथें त्या शहराच्या छापील अक्षरांवर श्लेष आहे. त्यांतून मद्याचा अर्थ निघतो खरा, तरी एवढ्याशा श्लेषावर फार भार घालूं नये. १५५२ चा आधार असतां त्याची गरजही नाहीं.

इंग्लंडांत हें मद्य गेल्यावर त्याचें रूप बिघडलें. धान्य स्वस्त, भट्ट्या बेसुमार, गाळणी कच्ची. तो कच्चेपणा लपविण्यास साखर, प्रसंगीं टर्पेंटाइनचें तेलसुद्धां. सरकारनें १७२९ सालीं ज्यूनिपर वगैरे घालून केलेल्या मद्यावर कर बसविला. तेव्हां भट्टीवाल्यांनीं ज्यूनिपरच वगळला आणि ते नुसतें कच्चें मद्य ‘पार्लमेंट ब्रँडी’ म्हणून विकूं लागले. म्हणजे त्या सुमाराच्या कागदांत ब्रँडी असें लिहिलेलें आढळलें तरी ती ब्रँडी असेलच असें नाहीं! पुढें १७३६ च्या कायद्यानें गॅलनमागें २० शिलिंग कर व परवान्यास ५० पौंड ठरविले. तोही निष्फळ ठरून १७४३ त रद्द झाला. होगार्थचें प्रसिद्ध चित्र ‘जिन लेन’ १७५१ चें, आणि निर्बंध कांहींसे लागू पडले तेही त्याच वर्षींच्या कायद्यानें.

त्या गोड जिनची आठवण ‘ओल्ड टॉम’ या प्रकारांत राहिली आहे. आमचा दुसरा पेला तो. जिभेवर जाड, ज्येष्ठमधासारखा गोडसर, शेवटीं ज्यूनिपर. परंतु एक सावधगिरी हवी. हा प्रकार विसाव्या शतकांत जवळजवळ लुप्त होऊन एकविसाव्यांत पुन्हां करण्यांत आला. तेव्हां आपल्या हातीं येते ती नक्कल, मूळ प्रत नव्हे.

खरा फरक पडला तो यंत्रामुळें. ईनियस कॉफी यानें १८३० सालीं उभ्या स्तंभाच्या भट्टीचें पेटंट घेतलें व जवळजवळ निर्गंध मद्यार्क स्वस्तांत मिळूं लागला. झांकण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, मग साखरही नको. तिसरा पेला प्लिमथ येथील, १७९३ पासून चाललेल्या भट्टींतला. मऊ, मुळांच्या मातकट वासाचा. चौथी ‘लंडन ड्राय’. ज्यूनिपर, धने, अँजेलिकाचें मूळ, लिंबाची व कडू संत्र्याची साल. राळ आणि लिंबू यांचा वास नाकांत एकदम चढतो. येथें ‘लंडन’ हें स्थळाचें नांव नसून रीतीचें आहे: वनस्पती भट्टींतच घालाव्या, मागाहून रंग घालूं नये, साखर लिटरमागें दशांश ग्रॅमच्या वर नसावी. ती कोठेंही करितां येते. त्याच रात्रीं एका पाहुण्यानें मुंबईचें नांव असलेली निळी बाटली दाखवून ती आपल्याकडील असल्याचें सांगितलें. ती इंग्लंडांत होते. १९८७ सालीं बाजारांत आली, आणि तिच्यावरील १७६१ हा आंकडा ज्या कृतीवरून ती केली असें सांगतात त्या कृतीचा आहे. बाटलीवरचा सन म्हणजे बाटलीचा सन नव्हे, हें नाण्यांच्या संग्राहकांस सांगावयास नको.

पांचवा पेला गोव्यांत होणाऱ्या ‘हपुसा’चा. हें नांव आपलें आहे. भावप्रकाशांत हरीतक्यादि वर्गांत हपुषा येते, आणि ती म्हणजे ज्यूनिपर असें सामान्यतः मानतात. या जिनमध्यें हिमालयांतील ज्यूनिपर वापरतात. हळद आणि आंबाही असतो. युरोपीय ज्यूनिपरची टोकदार राळ येथें नाहीं. ओल्या लांकडाचा, पावसाळी रानाचा वास आहे. जुन्या कागदांचा अर्थ लावण्यास या पेल्याचा उपयोग नाहीं, परंतु मंडळी उठण्यापूर्वीं प्रथम रिकामी झाली ती हीच बाटली.