रेंज गेल्यावरही चालणारा वर्ग

३१ डिसेंबर २०२४ रोजी गुगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा बंद झाला. करोनाकाळात जगभरच्या शिक्षकांनी त्यावर धडे मांडले होते, मुलांकडून आकृत्या काढून घेतल्या होत्या. अनेकांच्या हाती फार तर त्या फळ्यांच्या पीडीएफ प्रती उरल्या. त्याच्या चार वर्षं आधी, २०२० संपताना, अडोबीने फ्लॅश थांबवलं. त्याबरोबर भूगोल-विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं जमवलेली हलती चित्रं ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. दोन्हींसाठी शिक्षकाला पैसे पडले नव्हते, पण ती कधी बंद व्हावीत हेही त्याच्या हातात नव्हतं.

शिक्षकांसाठी मोफत साधनांच्या याद्या खूप फिरतात. एकेका यादीत पन्नास-पन्नास नावं असतात. आपल्याकडची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा मात्र वेगळी असते. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, बाईंचा एकच फोन असतो आणि रेंज व्हरांड्याच्या एका कोपऱ्यातच मिळते. त्या वर्गासाठी मी तीन प्रश्न विचारतो. हे साधन एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं का? मुलांकडून लॉगिन मागतं का? आणि मराठीत आहे का, किंवा निदान मराठीत करून घेता येतं का?

या तिन्ही प्रश्नांना फेट पुरून उरतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. फेटवर विज्ञान आणि गणिताचे प्रयोग पडद्यावर हाताळता येतात. अनेक प्रयोग मराठीत आले आहेत. हवा तो प्रयोग एका फाइलच्या रूपात उतरवायचा आणि साध्या ब्राउझरमध्ये उघडायचा, लॉगिन लागत नाही. जुने प्रयोग जावा आणि फ्लॅशमध्ये होते. ते तंत्र मागे पडू लागलं तेव्हा या मंडळींनी एकेक प्रयोग नव्याने लिहून काढायला घेतला, म्हणून ते आजच्या फोनवरही चालतात.

धाराविद्युत शिकवताना फेटचा विद्युत परिपथाचा संच उघडून पाहा. तारा, सेल, बल्ब, कळ ओढून जोडायची. तारेतून इलेक्ट्रॉनचे ठिपके सरकताना दिसतात. बऱ्याच मुलांना वाटतं की बल्ब थोडी वीज खातो, म्हणून बल्बच्या पुढे धारा कमी होत असणार. तोंडी कितीही सांगितलं तरी हा समज जात नाही. इथे बल्बच्या अलीकडचे आणि पलीकडचे ठिपके सारख्याच वेगाने सरकताना मुलं स्वतः पाहतात. दोन बल्ब एकसर जोडले की मंदावतात, समांतर जोडले की दोन्ही पूर्ण तेजाने लागतात. एकसर जोडणीतली एक तार काढली की दोन्ही विझतात. संचात पेन्सिल, नाणं, खोडरबर अशा वस्तूही आहेत, कशातून वीज वाहते ते लावून बघायचं. सेलची दोन टोकं सरळ तारेने जोडली तर पडद्यावर ज्वाळा उठतात. हा प्रयोग खऱ्या सेलवर मुलांना करू द्यायची कुणाची छाती होणार नाही.

मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रश्न विचारायचा, मुलांचे अंदाज फळ्यावर लिहायचे, कुणाचा अंदाज काय यासाठी हात वर करायला लावायचे, आणि मगच पडद्यावर कळ दाबायची. नुसतं दाखवत सुटलं तर चाळीस मुलं ते कार्टूनसारखं बघतात. आणि पडद्यावरचा बल्ब हा काही खऱ्या बल्बला पर्याय नाही. एक सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि वायरचा तुकडा मुलाच्या हातात पडलाच पाहिजे.

हाताने करायच्या विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाला तोड नाही. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेला हा अभियंता टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांत रमला. पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं मुलांबरोबर काम केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत उतरवता येतात, खेळणी कशी बनवायची त्याच्या छोट्या फिल्मही आहेत. त्यांची सेफ्टी पिनांची मोटर करून बघाच. एक सेल, दोन पिना, सायकलच्या ट्यूबचा रबर, एक चुंबक आणि लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढंच सामान. खुबी तारेच्या टोकांत आहे. त्यांवरचा लेप सगळीकडून खरवडायचा नाही, एक बाजू तशीच ठेवायची. त्यामुळे फिरताना काही काळ धारा तुटते आणि वेटोळं उलटं न खेचलं जाता पुढे जातं. हे कारण मुलांना आधी सांगू नका. पूर्ण खरवडलेलं वेटोळं का अडखळतं ते त्यांनाच शोधू द्या.

गणितात जिओजेब्रा घ्यावं. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये याची सुरुवात केली. आठवीत त्रिकोणाचे शिरोलंब शिकवतो, तेव्हा फळ्यावर एका आकृतीला पाच-सात मिनिटं जातात आणि बहुधा आपण लघुकोन त्रिकोणच काढतो. जिओजेब्रात एक शिरोबिंदू धरून ओढला की तीनही शिरोलंबांचा छेदनबिंदू सरकत सरकत काटकोनाच्या शिरोबिंदूवर येतो आणि कोन विशाल होताच त्रिकोणाबाहेर पडतो. ॲप नेटशिवाय चालतं.

भाषेसाठी स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ आहे. प्रथम बुक्सने ते २०१५ मध्ये सुरू केलं. गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, मराठीतही भरपूर आहेत. त्यांच्या मुक्त परवान्यामुळे श्रेय देऊन गोष्ट छापता येते, बदलता येते, दुसऱ्या भाषेत नेता येते. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे. गोष्टीची प्रत छापायची आणि प्रत्येक मराठी ओळीखाली गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडून कोरकू ओळ लिहून घ्यायची. परवानगी मागत बसावं लागत नाही.

संदर्भासाठी किविक्स हे ॲप आणि त्यासोबत मराठी विकिपीडियाची फाइल एकदा उतरवली की सगळा ज्ञानकोश खिशात येतो. विकिपीडियावरचे काही मराठी लेख त्रोटक आहेत, त्यामुळे खात्री करायची तर मराठी विश्वकोश उघडावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभं केलेलं ते काम आज संकेतस्थळावर सर्वांना खुलं आहे.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आता ओळखीचे झाले आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हा प्रयोग केला आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. हे कोड ज्यावर उघडतात ते केंद्र सरकारचं दीक्षा २०१७ मध्ये आलं. त्यातले व्हिडिओ ॲपमध्ये उतरवून ठेवता येतात. त्यांचा दर्जा सारखा नाही, म्हणून वर्गात लावण्याआधी शेवटपर्यंत स्वतः बघावं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मिळतात ती हाताशी असावीतच.

प्लिकर्स हे ॲप माझ्या कसोटीत पुरतं बसत नाही. त्याला नेट लागतं आणि मोफत वापरावर मर्यादा आहेत. तरी सांगतो. प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील कार्ड असतं. ते कोणत्या बाजूने धरलं त्यावरून अ, ब, क, ड यांपैकी उत्तर ठरतं आणि शिक्षक एकाच फोनने सगळ्या वर्गाची उत्तरं टिपतो. एरवी गप्प बसणारी मुलंही त्यात उत्तर देतात. मुलांची नावं न घालता हजेरी क्रमांक घालावेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे, म्हणून मुलांचे ईमेल आणि फोटो मागणारी ॲप सरसकट टाळलेली बरी.

वर्गातल्या वापरासाठी पुस्तकाच्या पानाची छायाप्रत काढायला शिक्षक घाबरतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी सूट आहे आणि दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रती प्रकरणात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती मान्य केली. पण तेच पान यूट्यूबवर टाकलं तर ही ढाल तशीच पुढे करता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याला किंवा नातेवाइकांकडे चांगलं नेट मिळेल तेव्हा हे सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. फोल्डरला साधनाचं नाव देऊ नका, इयत्ता आणि धड्याचा क्रमांक द्या, म्हणजे तासाला शोधाशोध होत नाही. एक प्रत शेजारच्या शाळेला द्या. आणि विज्ञान शिकवत असाल तर फेटकडे अनुवादकाचं खातं मागा. अजून बरेच प्रयोग मराठीत यायचे आहेत. बालभारतीतल्याच संज्ञा वापरून ते मराठीत आणण्याचं काम वर्गात रोज शिकवणाऱ्यालाच नीट जमेल.