झग्याआतला माणूस

सोलापुरातील यंत्रमाग कामगारांचा मी पुढारी. एकदा घरचे दुःख सांगायला आलेल्या गड्याला मी भाषणच ऐकवले! मानाची जागा माणसाला बहिरे करते.

कॅथलिक धर्मगुरूचेही तसेच. आपले पाप तो दुसऱ्या गुरूपुढे कबूल करतो. पण एकटेपणा, राग, भीती कोणापुढे मांडावी? मुंबईत 1931 साली जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो यांनी पुण्यात व पुढे लोणावळ्यात ‘साधना’ संस्थेतून धर्मगुरूंना, धर्मभगिनींना शिकवले : श्वासाकडे लक्ष द्या, मनात आहे ते गटात मोकळेपणी बोला. अशा शिक्षणाने ‘झगा म्हणजेच मी’ ही समजूत सैल होते. आधी माणूस हादरतो. मग स्वतःचे उणे ओळखलेला गुरू दुसऱ्याचे निमूट ऐकू लागतो. आम्हा पुढाऱ्यांनाही हा धडा हवा.