पितृपंधरवड्यातील सहल

आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्याशी, पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या आमच्या मलकापुरात मीटरने चोवीस तास पाणी येऊ लागले, तेव्हा नळावरची हंड्याकळशांची ती भांडखोर रांग पाहता पाहता नाहीशी झाली. आणि पाणी मुबलक झाले म्हणून रांग गेली, असे आम्ही प्रथम समजलो असलो, तरी पुढे ध्यानात आले की, पाणी केव्हाही मिळेल या भरवशावर जो तो आपापल्या सवडीने तोटी सोडू लागला, हेच तिच्या अंताचे खरे कारण होते. टंचाईपेक्षाही सर्वांची एकच वेळ रांगेला अधिक पोसते.

हा धडा गाठीशी बांधून मी खोपोलीजवळच्या, 2013 साली खुल्या झालेल्या इमॅजिका या क्रीडोद्यानाच्या सहलीची तजवीज केली. मंडळी पाच : आम्ही उभयता, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या आमच्या आत्याबाई. आषाढीस पंढरपुरी दर्शनबारी गोपाळपुरापर्यंत लांबते, तेव्हा तीत रात्र काढलेल्या आत्याबाईंना रांगेचे भय नव्हते, मला होते.

पहिली मसलत दिवसाविषयी. मे महिना, दिवाळी आणि समस्त रविवार मी यादीतून खारीज केले. हिवाळा सुखाचा खरा, पण त्याच दिवसांत शाळांच्या सहली निघून एस.टी. गाड्यांचे ताफे अशा ठिकाणी दाखल होतात. आणि भर पावसाळ्यात बोरघाटाखाली विजा कडाडू लागल्या, म्हणजे उघड्यावरचे उंच पाळणे थांबवावेच लागतात. उरता उरला गणपतीनंतरचा पितृपंधरवडा.

"पक्षात कसली रे चैन?" आत्याबाईंनी हरकत घेतली.

"सगळे असंच म्हणतात, म्हणून तर तेव्हा जायचं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग दादाची तिथी तेवढी सोड आणि कोणताही वार धर."

बुधवार ठरला. निघण्याच्या आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या चौखटीला मोजपट्टी लावून मुलांची उंची अनवाणी मोजून घेतली. कारण वेगवान पाळण्यांना उंचीची अट असते, आणि अर्धा तास तिष्ठल्यावर तोंडाशीच परत फिरावे लागण्यासारखी मनस्तापाची रांग दुसरी नाही. पुण्यात मुक्काम करून, गाडीतच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उरकून, दरवाजा उघडण्यापूर्वी आम्ही हजर झालो.

दरवाजा उघडताच लोंढा दृष्टीस पडलेल्या पहिल्याच खेळावर कोसळतो. म्हणून आम्ही नकाशा पाहून थेट पार टोकाला गेलो आणि तेथून दरवाजाच्या दिशेने उलटे येऊ लागलो. त्यातही क्रम होता. एका खेपेस शेकडो माणसे पोटात घेणारे चित्रगृह दुपारसाठी राखून ठेवावे, आणि ज्यात थोडीच माणसे मावतात ते खेळ सकाळीच उरकावे. कारण रांगेची लांबी खेळाच्या कीर्तीइतकीच त्याच्या आसनसंख्येवरही अवलंबून असते.

प्रत्येक रांगेत शिरण्याआधी मी मोजदाद करीत असे. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने 1961 साली सिद्ध केलेला नियम इतका साधा आहे की, तो भाजीवालीलाही पटावा : आत तिष्ठणाऱ्यांची संख्या म्हणजे मिनिटास येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाच्या थांबण्याची मिनिटे. तो उलटा फिरविला की आपला हिशेब निघतो. पुढे 120 माणसे असतील, एका खेपेस 20 बसत असतील आणि दर 4 मिनिटांनी खेप सुटत असेल, तर आपला क्रम 24 मिनिटांनी येणार. वळसे घालून दुमडलेली रांग डोळ्यांना फसविते, आकड्याला फसविता येत नाही.

जेवण आम्ही इतरांच्या आधीच आटोपले. एक वाजता सारे उद्यान ताटावर बसले, त्या सुमारास, नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या अवशेषांवरून 2003 साली ज्याचे नामकरण झाले त्या राजासॉरसच्या नावाची नौकासफर आम्हांला जवळजवळ मोकळी मिळाली. तरी अधिक पैसे भरून पुढे जाण्याच्या तिकिटाची पाटी थोरल्याच्या नजरेतून सुटली नाही.

"बाबा, हे का नाही घेतलं?"

डिस्नेच्या उद्यानांनी 1999 साली वेळ नेमून देणारी चिठ्ठी काढली, ती फुकट होती. पुढे जगभर तिला किंमत आली. मी त्याला इतकेच सांगितले की, पैशाने चुकविलेली रांग नाहीशी होत नाही, ती आपल्या मागे उभ्या असलेल्याच्या वाट्याला जाते. उलट, वेळ बदलून चुकविलेली रांग कोणाच्याच माथी बसत नाही. बुधवारी आलेला मनुष्य रविवारच्या मनुष्याचीही रांग एका माणसाने कमी करतो. आमच्या नळाने गावाला हेच शिकविले होते.

संध्याकाळी मात्र हिशेब हरला. सुमारे 40 मीटर उंचीचा नायट्रो हा वेगवान पाळणा शेवटी ठेवण्याची चूक माझी होती. दिवसभर धीर गोळा करणारे सारे त्या घटकेला तेथेच जमले होते. मी डोकी मोजली, खेपा मोजल्या. पाऊण तासाच्या वर उत्तर निघाले, आणि अजून रात्रीचा घाट चढून मलकापूर गाठायचे होते. मुलांची तोंडे उतरली.

आत्याबाईंनी मान वर करून त्या लोखंडी शिखराकडे पाहिले आणि सरळ हात जोडले. "बारी लांबली की कळसाला नमस्कार करून मागं फिरायचं. पंढरीला जाऊन कळस पाहिला, तरी वारी पोचती होते."

कोणी काही बोलले नाही. गाडी खंबाटकीचा घाट चढत असताना मागून थोरल्याचा झोपाळू आवाज आला, "आजी, पुढच्या वर्षी आजोबांची तिथी कोणत्या वारी येते?"