भार जाणणाऱ्या अस्थी

मुख्यतः आजच्या सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा आपला नेम रयतेच्या मुलांनाही लागावा म्हणून संस्थानच्या शाळांत तो सक्तीचा केला. त्याच संस्थानचा एकेकाळी अंमल असलेले कुंडल आज कुस्तीच्या मैदानासाठी ओळखले जाते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. आणि कवठेपिरानच्या मारुती माने यांनी हिंदकेसरीचा किताब कृष्णाकाठी आणला. अशा या मुलखात जोर किती मारले आणि बैठका किती काढल्या याचा हिशेब पोराटोरांनाही तोंडपाठ असतो. मात्र त्या मेहनतीतले हाडाला किती कळले, ही पृच्छा सहसा कोणी करीत नाही.

हाड भाराप्रमाणे आपली घडण बदलते, हा सिद्धान्त बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. त्यापूर्वीच झुरिचचे अभियंता कुल्मान यांना मांडीच्या हाडाच्या छेदातील जाळीत, यारीच्या आराखड्यात आपण काढतो त्याच ताण-दाबाच्या रेषा दिसल्या होत्या. परंतु हे हाडाला कळते तरी कसे, याचा उलगडा व्हायला पुढे शतक लोटावे लागले.

हाडातील पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी कठीण द्रव्यात जन्मभर चिणल्या गेलेल्या असतात. या अस्थिपेशी स्वतः हाड बांधीत नाहीत की पोखरीत नाहीत. तलाठी जसा स्वतः नांगर न धरता कोणत्या रानात काय उभे आहे याची नोंद ठेवून वर कळवितो, तशा त्या आपल्या तंतुमय बाहूंनी शेजारणींशी संधान बांधून भाराची खबर बांधणाऱ्या अस्थिजनक व पोखरणाऱ्या अस्थिभंजक पेशींकडे पोचवितात. अडचण अशी की, जोरकस व्यायामातही हाड हजारात दोन-तीन भागांपलीकडे फारसे विकृत होत नाही, आणि प्रयोगशाळेत पेशी जागी व्हायला याच्या कितीतरी पट ताण द्यावा लागतो. यावर आज बहुमान्य असलेला खुलासा असा की, हाड किंचित वाकताच त्यातील सूक्ष्म नलिकांमधला द्रव सरकतो, आणि त्या प्रवाहाच्या घर्षणाने व ओढीने अल्प विकृतीही पेशीच्या अंगी अनेकपटींनी मोठी होऊन लागते. पेशीच्या आवरणातील पिएझो-१ नामक द्वार ताणाने उघडून कॅल्शियमचे कण आत घेते. अर्देम पटापुटियन यांनी हे द्वार २०१० साली शोधले आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते सहमानकरी झाले. उंदरांच्या अस्थिपेशींतून हे द्वार काढून टाकले असता हाडे दुबळी होतात. भार मिळालेली अस्थिपेशी स्क्लेरोस्टिन हे बांधकामास मनाई करणारे द्रव्य कमी सोडते, आणि बांधकामाला मोकळीक मिळते.

अस्थिजनक पेशी ज्यांच्यापासून निपजतात त्या अस्थिमज्जेतील मूलपेशींची गोष्ट याहून नवलाची आहे. एंगलर, डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखविले की, एकच मूलपेशी मेंदूइतक्या मऊ थरावर ठेवली तर चेतापेशीचा आकार घेऊ लागते, स्नायूइतक्या ताठ थरावर स्नायूकडे वळते, आणि कोवळ्या हाडाइतक्या कठीण थरावर हाडाचा मार्ग धरते. पेशी आपल्या अंतर्गत तंतूंनी पायाखालची भूमी ओढून पाहते, आणि भूमी कितपत दाद देते त्यावरून आपले भवितव्य ठरविते. असे असता मूलपेशीची सारी दिशा रासायनिक आज्ञांनीच ठरते, ही समजूत मला अपुरी वाटते.

आता तालमीकडे वळू. १९८४ साली रुबिन आणि लॅन्यन यांनी पक्ष्यांच्या पंखातील हाडावर प्रयोग करून दाखविले की, दिवसातून चार वेळा भार दिला तर झीज थांबते, ३६ वेळा दिला तर हाड वाढते, पण १८०० वेळा देऊनही वाढ तेवढीच राहते; आणि न हलणारा, अखंड भार हाडाच्या खिजगणतीतही नसतो. म्हणजे हजार जोरांच्या बढाईतला बराचसा भाग स्नायू आणि छाती यांच्या खाती जमा होतो, हाडाच्या नव्हे. हाडाला हवा असतो तो वेगवान, अनपेक्षित आणि अधूनमधून येणारा भार, आणि पाठीवर आपटविणारा डाव तो पुरवितो. उंदरांवरील प्रयोगांत सुमारे आठ तासांच्या विश्रांतीनंतर हाडाची पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने मंदावलेली जाणीव पूर्ववत झाली. त्या दृष्टीने सकाळ-संध्याकाळ अशी मेहनतीची वाटणी वस्तादांनी उगीच केलेली दिसत नाही. भारच नसेल तर काय होते, हे अंतराळवीरांकडून कळते: तेथे भार वाहणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यांनी घटते.

नमस्कार हा संथ व्यायाम असल्याने हाडाच्या कसोटीला तो कुस्तीइतका उतरणार नाही, असे माझे मत आहे. परंतु प्रौढपणीच्या हाडातील खनिजांचा सुमारे चौथा हिस्सा वाढीच्या ऐन भरातल्या दोन वर्षांतच जमतो, आणि याच वयात हाड भाराला सर्वाधिक दाद देते; औंधच्या राजेसाहेबांची सक्ती नेमकी त्या वयाच्या मुलांवर होती.