बॅच नाही, बाख!

कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकताना पुस्तकावरचं नाव मी कितीतरी दिवस 'बॅच' असंच वाचायचे. (प्रॅक्टिकलची नव्हे!) शेवटी मिसनी हसत सांगितलं, हा योहान सेबास्टियन बाख.

जन्म १६८५, जर्मनीतल्या आयसेनाख गावी. दहा वर्षांचा व्हायच्या आत आई-वडील दोघंही गेले, थोरल्या भावाने सांभाळलं. पुढे जन्मभर नोकरी. १७१७ मध्ये वायमारच्या ड्यूककडे राजीनाम्याचा हट्ट धरला, तर त्याने जवळजवळ महिनाभर कोठडीतच टाकलं! नंतर लाइपझिगच्या चर्चमध्ये पहिली काही वर्षं जवळपास दर रविवारी नवी रचना.

त्याचा 'फ्यूग' एकदा ऐकाच. एक आवाज सुरावट सुरू करतो, दुसरा तीच वेगळ्या पट्टीत मागून उचलतो, मग तिसरा. आणि तिघं एकमेकांवर आदळत नाहीत. आपल्या कानांना एका वेळी एकाच सुरावटीची सवय, त्यामुळे आधी नुसता गोंधळ वाटतो. चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना धागे सुटे होतात.

१७५० मध्ये बाख गेला आणि त्याचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' धूळ खात पडलं. १८२९ मध्ये बर्लिनला ते पुन्हा उभं केलं फेलिक्स मेंडेल्सझोनने. वय वर्षे फक्त २०! (आणि आमची सबमिशन्स?)

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचं संगीत भरलेली सोनेरी तबकडी पाठवली. तिच्यावर बाखच्या तीन रचना आहेत. आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीसुद्धा.